डाव्या खांद्याची रायफल

त्याची बायको जाऊन वर्ष होत आलं तेव्हा नेमबाजीच्या क्लबला तिची आठवण झाली. आठवण कसली, नव्या हॉलच्या उद्घाटनाला पाहुणा आणायचा तर काहीतरी निमित्त हवं होतं.

"तुमच्या मिसेसचा मोठा फोटो लावतोय," सेक्रेटरी फोनवर म्हणाला. "खाली काचेच्या पेटीत त्यांची रायफल. तेवढी द्या बुवा. पोरापोरींना प्रेरणा मिळेल."

त्या माणसाच्या तोंडून प्रेरणा हा शब्द ऐकून त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी तो हो म्हणाला. रायफलची पेटी पलंगाखाली पडून होती आणि केर काढताना रोज झाडू तिच्यावर आपटायचा. तिच्या मालकिणीची कुठेतरी नीट नोंद राहावी, एवढंच त्याला हवं होतं.

ती डावखुरी. रेंजवर सगळे उजव्या खांद्याला रायफल लावतात, त्यामुळे प्रत्येकासमोर पुढच्याची पाठ असते. ही एकटी उलट वळून उभी राहायची, म्हणजे डावीकडच्या नेमबाजाच्या थेट समोर. ते कुणाला सोसायचं नाही. "बाई टक लावून बघतात, माझा नेम हलतो," अशी तक्रार चांगले मिशा फुटलेले बाप्ये करायचे. ती बघायची टार्गेटकडे, पण यांना वाटायचं आपल्याकडेच. शेवटी तिच्या डावीकडची जागा त्याला मिळाली, कारण त्याचा नेम मुळातच इतका भिकार होता की आणखी बिघडायला वावच नव्हता.

तो टार्गेट सोडून तिलाच बघू लागला. डावा गाल दस्त्यावर टेकलेला, डाव्याच डोळ्याखाली तीळ, आणि चाप ओढण्याआधी ओठ जरासे पुढे, चहावर फुंकर घातल्यासारखे. त्याची नेमबाजी तिथेच संपली. लग्न मात्र झालं.

तिची कारकीर्द म्हणजे लोकांनी केलेल्या दुरुस्त्या. आधी कोचने तिला उजव्या खांद्यावर आणलं. "जग असंच मारतं," म्हणाला. ती तळाला गेली. मग मुकाट्याने डाव्यावर परतली आणि क्लबच्या उजव्या रायफलीवर, गोळी भरायच्या बोल्टसाठी दर वेळी हात पलीकडे नेत, देशात पहिली आली. कोचने पेपरात सांगितलं, तिची उभं राहण्याची पद्धत मी घडवली.

देशाच्या संघाची निवड चाचणी आली तेव्हा क्लबने तिच्यासाठी परदेशातून डाव्या हाताची रायफल मागवली. पेटी उघडली तर आत उजवी. सेक्रेटरीने ऑर्डर पाठवताना 'डावी' खोडून 'उजवी' केलं होतं.

"मला वाटलं टायपिंगची चूक आहे. हातासरशी दुरुस्त केली." माणूस खजील तर नव्हताच, उलट कुणीतरी आभार मानेल म्हणून थांबला होता.

ती जुन्याच रायफलीने खेळली आणि एका जागेने संघाबाहेर राहिली. पुढे तिने डावी रायफल स्वतः मागवली. तिच्यावर पदकं आली, पण वय निघून गेलं होतं. मग आजार आला. त्याने मात्र डावं-उजवं काही पाहिलं नाही.

समारंभाला तो रायफलची पेटी घेऊन वेळेआधीच पोचला. फोटोवरचा पडदा सेक्रेटरीने कौतुकाने जरा बाजूला केला. रायफल उजव्या खांद्यावर, तीळ उजव्या डोळ्याखाली. बाई ओळखीची वाटत होती, त्याची बायको नव्हती.

"हा उलटा छापलाय."

"उलटा होता, सरळ करून घेतला," सेक्रेटरी म्हणाला. "बघा ना, भिंतीवर सगळ्यांची तोंडं दाराकडे. यांचं एकट्यांचं बाथरूमकडे येत होतं. बरं दिसतं का?"

"ती डावखुरी होती."

"अहो, गेलेल्या माणसाला काय डावं न् काय उजवं!"

कोच आता म्हातारा झाला होता. तो मान तिरकी करून फोटो न्याहाळत होता. "दादा, खांदा बघा कसा बसलाय. मी जन्मभर हेच सांगत होतो तिला."

"मूळचा फोटो लावा, मग रायफल देतो."

"कार्यक्रम होऊ द्या, मग बघू. पाहुणे आलेत." सेक्रेटरीने पेटी त्याच्या हातातून घेतलीसुद्धा.

पाहुणा कुठल्याशा कारखान्याचा मालक होता. टाळ्या झाल्या, पडदा ओढला, आणि फोटोग्राफरने सांगितलं म्हणून पाहुण्याने रायफल उजव्या खांद्याला लावली. उजवा हात बोल्ट चाचपू लागला. बोल्ट सापडेना.

"अरे, याचं हँडल चुकीच्या बाजूला बसवलंय."

"करून घेऊ दुरुस्त, सर," सेक्रेटरी लगबगीने म्हणाला.

तो खुर्चीवरून उठला, मंचावर चढला आणि पाहुण्याच्या हातातून रायफल काढून घेतली.

"अहो, हे काय? लोक बघताहेत!" सेक्रेटरी म्हणाला.

"बघू द्या. तुम्हा लोकांना तिच्याकडे तोंड करून कधी उभं राहता आलं नाही. आता तिलाही सगळ्यांसारखी पाठमोरी करून घेतलीत."

"दादा, बसा हो," कोच म्हणाला. "भावनेच्या भरात बोलू नका."

"तुम्ही बघा तो खांदा," तो म्हणाला, रायफल तिच्या पेटीत घातली आणि ती उचलून चालू लागला.

फोटो अजून तिथेच आहे, दाराकडे तोंड करून, शिस्तीत. खालची काचेची पेटी रिकामी आहे. तिच्यात कुणीतरी फुलदाणी ठेवलीय म्हणे.

रायफल आता घरातल्या पुढच्या खोलीत स्टँडवर आहे, नळी खिडकीकडे, बोल्ट डावीकडे. त्याची खुर्ची तिच्या डाव्या हाताला असते. मेहुणी येते तेव्हा दर वेळी कुरकुरते, "भाऊजी, ही खुर्ची वाटेत येते. जरा तिकडे सरकवा ना."

"नको," तो म्हणतो. "माझी जागा हीच आहे."