मला जाग का येत नाही?

मी वायफायची कांडी बोलतेय. अंगठ्याएवढी, काळी, संगणकाच्या पाठीला खोचलेली. हवेतून आलेलं ऐकायचं आणि आत पोचवायचं, एवढंच माझं काम. तेसुद्धा धड जमत नाही, असं म्हणतात.

कारखान्यातून निघाले तेव्हा ठणठणीत होते. या घरात आले ती ठमीसाठी. ठमी दहा महिन्यांची. आतल्या खोलीत तिच्या पाळण्यावर कॅमेरा आहे. ती हलली की तो चित्र पाठवतो, नाहीतर गप्प. आई बाहेर शिवणाच्या मशीनवर बसून पडद्याकडे बघते. चार टाके, एक नजर.

संगणकाच्या पोटात एक कारभारी असतो, कर्नेल. त्याची भाषा मला येत नाही, म्हणून मधे दुभाष्या. त्याला ड्रायव्हर म्हणतात. तो सांगतो, काम नसेल तर झोप, वीज वाचव. मी आपली झोपते. पण हाक आली की जागच येत नाही! चूक माझी की त्याच्या सांगण्याची, देव जाणे.

गेल्या आठवड्यात मी अशीच झोपून राहिले. पडद्यावर जुन्याच चित्रातली ठमी गाढ झोपलेली होती, आणि खरी ठमी पाळण्याच्या कठड्यावरून अर्धी बाहेर लोंबत होती. आई सहज आत गेली म्हणून हाती लागली. तेव्हापासून ती माझ्याकडे सवतीकडे बघावं तशी बघते.

ठमीच्या बाबांचं कामच दुसऱ्यांनी संगणकासाठी पाठवलेल्या दुरुस्त्या तपासायचं. पॅच म्हणतात, ठिगळच ते. माझ्या दुभाष्यासाठीही कुणीतरी लांबून एक ठिगळ पाठवलं. बाबांनी ते लावलं आणि मला सेकंदासेकंदाला हाका मारायला लागले. दोन तास मी नुसती ओ देत होते.

"एकदाही गप्प झाली नाही. पास करून टाकतो," बाबा म्हणाले.

"अहो, पण तिला झोपू कुठं दिलंत?" आई मशीनवरून म्हणाली.

"म्हणजे?"

"ठमीला सारख्या गुदगुल्या केल्या तर ती झोपेल का? आणि झोपलीच नाही, तर हाकेला उठते की नाही हे कसं कळायचं?"

बाबा डोकं खाजवत बसले. "अगं, हे आमच्यातल्या एकालाही सुचलं नाही!"

"कसं सुचेल? पोर निजवलंय का कधी कुणी?"

बाबांनी हात मांडीखाली घेतले. पंधरा मिनिटं मला कुणी हटकलं नाही. मी झोपले. आत ठमी उठली, कॅमेऱ्यानं हाका मारल्या म्हणे. मला काहीच ऐकू आलं नाही. ठमीचं रडणं आईबाबांना भिंतीतून ऐकू आलं, पडद्यावर मात्र ती शांत झोपलेली.

बाबांनी उत्तर धाडलं, "पास नाही. काही वेळ हात न लावता बघा." दोष कुणी शोधला ते लिहायची एक ओळ असते, तिच्यात आईचं नाव घातलं.

"माझं कशाला? हसतील लोक."

"हसू देत. मी तर पास करायला निघालो होतो."

आता नवं ठिगळ लागलंय. मी झोपते, उठते, पुन्हा झोपते. आत्ता जागी आहे की नाही, माझं मलाच कळत नाही. चार दिवसांत चुकले नाही म्हणतात. तरी आई पडदा बघते आणि शिवाय उठून आत डोकावून येतेच. वाटतं सांगावं, बाई, आता तरी ठेव विश्वास. मग वाटतं, नकोच. मलाच माझी खात्री नाही. तू आपली जा, बघून ये.