बोलण्यामागचा पियानो

शस्त्रक्रिया गुरुवारी होती, म्हणून कार्यक्रम आधीच्या रविवारी ठेवला. दिगंबर शेजवलकरांच्या उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वर्षभर तळव्याकडे ओढलं जात होतं. सर्जनने स्पष्ट सांगितलं होतं: बोटं सरळ होतील, पण पूर्वीसारखी फाकतील याची हमी नाही. त्याआधी त्यांचं वादन एकदा नीट ध्वनिमुद्रित व्हावं, एवढीच नीरजाची धडपड होती. कारण त्याचं मुद्रण कुठेच नव्हतं.

दिगंबरकाका कॅम्पातल्या एका हॉटेलात निवृत्त होईपर्यंत रोज संध्याकाळी पियानो वाजवत. चित्रपटातली गाणी, ऐकून बसवलेली. डावा हात खर्जातला एक सूर आणि त्यावरची कॉर्ड, म्हणजे तीन सूर एकदम, आलटून पालटून वाजवे, टांग्याच्या चालीसारखा. उजव्या हातात गाण्याची ओळ, तीही एकेरी नाही. अंगठा आणि करंगळी ताणून प्रत्येक सूर ते दोन सप्तकांत एकदम दाबत. गायक सूर लांबवतो तिथे पियानोचा सूर विझतो, म्हणून तिथे तीच दोन बोटं भराभर थरथरत. एके काळी शहरात असं वाजवणारे बरेच होते. आता पियानो शिकणारी मुलं परीक्षा देतात, समोरचा कागद वाचून वाजवतात आणि चांगली वाजवतात. हे मात्र कुणी वाजवत नाही. त्या हॉटेलच्या जागी कपड्यांचं दुकान आहे.

हॉटेलात एक रिवाज होता. नेहमीचं गिऱ्हाईक दारातून आत आलं की काका चालू गाणं न थांबवता, त्यातूनच वाट काढून त्या माणसाच्या आवडत्या गाण्यावर जात. नीरजाचे वडील, आनंद साठे, रविवारी तिला तिथे नेत. दार वाजायचं, दोन-चार सूर चाचपडायचे आणि वडिलांचं गाणं सुरू व्हायचं. वडील पियानोकडे बघतसुद्धा नसत. खुर्ची ओढताना जरासे हसत, इतकंच. ते जाऊन आता बरीच वर्षं झाली.

कार्यक्रम कर्वेनगरातल्या नीरजाच्या सोसायटीच्या सभागृहात होता. भाड्याने आणलेला पियानो, ध्वनिमुद्रणासाठी वारज्याचा केदार, आणि व्यवस्थेला सोसायटीच्या नंदाताई. व्यवस्था चोख होती. मोबाइल बंद करायला दोनदा सांगून झालं. उशिरा आलेल्या एका गृहस्थांना गाणं संपेपर्यंत दाराबाहेर थांबवलं. एकजण खोकला, तर चार माना वळल्या.

काकांनी पहिलं गाणं वाजवलं. सूर बरोबर होते, पण डावा हात जड पडत होता. दुसऱ्या गाण्यात तो अगदीच दबला. तिसरं त्यांनी अंतऱ्यातच सोडलं आणि हात मांडीवर ठेवले.

नीरजा मंचाजवळ गेली. "काका, बोटं दुखतायत का?"

"बोटांचं सोड. हे सगळे गप्प का बसलेत?"

"ऐकतायत तुमचं."

"हो, पण मग मी कुणाच्या मागे वाजवू?"

तिला कळलं नाही. त्यांनी खालच्या आवाजात सांगितलं, "अगं, हॉटेलात माणसं बोलायची. बोलणं चढलं की मी उतरायचो. कुणी हसलं की त्या हसण्याखाली डावा हात जरा मोकळा सोडायचा. बोलणं तुटलं की ती जागा भरायची. तेच तर वाजवणं होतं. असं समोर बसून कुणी माझ्याकडे बघितलेलं नाही कधी."

नीरजाने माइक घेतला. "एक विनंती आहे. आपण सगळ्यांनी आपापसात थोडं बोलावं. म्हणजे, हॉटेलात बसल्यासारखं."

तिसऱ्या रांगेतून आवाज आला, "बोलायचंच होतं तर घरी नसतो का बसलो?"

लोक हसले आणि पुन्हा गप्प झाले. काकांनी एक ओळ वाजवून पाहिली, थांबले आणि त्यांनी मान हलवली. तेव्हा नंदाताई उठल्या. "मध्यंतर आत्ताच घेऊन टाकू. चहा निवतोय."

चहा-वड्याचं टेबल सभागृहातच, मागच्या बाजूला होतं. नीरजा बाहेर पडली आणि दाराशेजारच्या पायरीवर बसली. आपण काकांना व्यासपीठावर बसवलं, मागे फुलांची सजावट केली, लोकांना शिस्त लावली. आणि नेमकं जे राखायचं होतं, ते त्या शिस्तीत गुदमरलं. गुरुवार चार दिवसांवर होता.

आत कपबशा वाजत होत्या. खराडीच्या ट्रॅफिकवर कुणी तावातावाने बोलत होतं, कुणी आपल्या जागी लावलेल्या गाडीची चौकशी करत होतं. त्या गलक्याखालून तिला टांग्याची चाल ऐकू आली.

ती उठली आणि तिने दार ढकललं. दार करकरलं. पियानोवर कसलंसं झुलतं गाणं चाललं होतं. त्याचे दोन-चार सूर चाचपडले, बाजूला सरकले, आणि आनंद साठ्यांचं गाणं सुरू झालं.

काका तिच्याकडे बघत नव्हते. तीही मंचाकडे गेली नाही. कोपऱ्यात केदार कानाला हेडफोन लावून होता. त्याने अंगठा दाखवला. यंत्र चालू होतं.

एवढ्यात नंदाताईंचं लक्ष मंचाकडे गेलं. "अरे, सुरू झालं वाटतं! शू…"

नीरजाने त्यांचं मनगट धरलं. "गप्प करू नका कुणाला. तुम्हीही बोला."

"काय बोलू?"

"वड्यात मीठ जास्त झालंय."

"कोण म्हणतं? मी स्वतः चव घेतलीय!"

आणि नंदाताई जे बोलू लागल्या, ते थांबल्याच नाहीत. त्यांचा आवाज चढला तसा पियानो उतरला. शेजारचे हसले, डावा हात मोकळा झाला. लांब सुरांवर अंगठा आणि ती वाकडी करंगळी थरथरत होती. नीरजा पाठमोरी उभी राहून ऐकत होती, हातातला चहा गार होत होता. काका किती वेळ वाजवत होते, हे त्या दिवशी आलेल्यांपैकी बहुतेकांना सांगता येणार नाही.

गुरुवारी शस्त्रक्रिया झाली. जखम भरली, बोटं सरळ झाली. फाकली मात्र नाहीत. नीरजा भेटायला गेली तेव्हा काकांनी पंजा टेबलावर ठेवून दाखवला. "जेवता येतं आता नीट," ते म्हणाले, आणि विषय बदलला.

महिन्याभराने केदारने तिला वारज्याच्या स्टुडिओत बोलावलं. "बोलणं, कपबशा, दाराची करकर, खूप काही आलं होतं, पण सगळं काढलंय. ऐका, एकदम क्लीन."

त्याने ऐकवलं. पियानो स्वच्छ होता. डावा हात उगीचच दबत होता, उगीचच उसळत होता. मग एका जागी, काहीही घडलेलं नसताना, गाणं अडखळलं आणि दुसऱ्याच गाण्यावर गेलं.

"ही चूक आहे ना त्यांची?" केदार म्हणाला. "हवं तर इथे कापून जोडतो."

"मूळचं आहे ना तुझ्याकडे?"

"आहे की. पण त्यात वड्याचं भांडण आहे पूर्ण."

"राहू दे ते," नीरजा म्हणाली. "आणि आधी ते दार परत आण."