शंभराव्या रात्रीचं जेवण

फिजीच्या राजधानीत, सुवाला, येऊन रोतियाला चारच महिने झाले होते, पण थोड्या पैशांत पोट कसं भरायचं हे ती कॉलेजच्या अभ्यासापेक्षा लवकर शिकली होती. शिकवणारा सेमिसी. तो तुवालू बेटांवरचा, तिच्या आधी दोन वर्षं इथे आलेला. कुठल्या बेकरीत संध्याकाळी कालचे बन स्वस्तात मिळतात, बाजार उठताना कोणती बाई कसाव्याच्या ढिगावर वरून दोन कंद टाकते, कुठल्या दुकानातली बटाट्याची रोटी एवढी जाड असते की एकीत तिघांचं भागतं, हे सगळं त्याला तोंडपाठ. तिसरी एल्मा, सॉलोमन बेटांवरची, रोतियाच्याच खोलीत राहणारी. दर शनिवारी तिघं बाहेर पडायची, मिळेल ते घ्यायची आणि समुद्राच्या कठड्यावर बसून एकमेकांच्या हातातलं ओढून खायची. घरी, किरिबास बेटांवर, रोज ताजी मासळी असे. पण इतकं हसत रोतिया कधी जेवली नव्हती.

त्या शनिवारी दुपारी बेकरी बंद निघाली आणि वरून पाऊस. तिघं एका चर्चच्या सभागृहाच्या वळचणीला उभी राहिली. मागच्या अंगणात जमिनीतली भट्टी नुकतीच उघडली होती. भाजलेल्या डुकराचा आणि नारळाच्या दुधात शिजलेल्या तारोच्या अळूसारख्या पानांचा वास नाकात शिरला. आत चटयांवर माणसं बसली होती, सगळी नव्या कोऱ्या फुलाफुलांच्या कपड्यांत.

“चर्चचं जेवण आहे,” सेमिसी म्हणाला. “इथे कोण कोणाला विचारतंय? हसायचं आणि बसायचं.”

निदान विचारू तरी, असं रोतियाचं म्हणणं होतं. एल्माने तिला कोपराने ढोसलं. विचारलंस तर त्यांना नाही म्हणायची सोय करून देशील, म्हणाली.

कोणी काही विचारलं नाही. बायकांनी सरकून जागा दिली, समोर ताटं आली. तिघं मान खाली घालून जेवायला लागली. दुसऱ्यांदा वाढून घेताना रोतियाची नजर समोरच्या भिंतीकडे गेली. तिथे एका म्हाताऱ्याचा फोटो होता, फुलांच्या हारातला, अंगात बस ड्रायव्हरचा शर्ट. मग तिला कळलं. इथे मेलेल्या माणसासाठी शंभर रात्री मोजतात हे तिने ऐकलं होतं; त्याच्या आज पुऱ्या झाल्या होत्या. आज सुतक सुटलं होतं, म्हणून सगळ्यांच्या अंगावर नवे कपडे होते. तिच्या तोंडातला घास तोंडातच राहिला. सेमिसीने पण फोटो पाहिला असावा, कारण पुढे आलेलं वाढप त्याने हातानेच परत सारलं.

तेवढ्यात म्हाताऱ्याची बायको रोतियाजवळ येऊन बसली. वासिती तिचं नाव. आवाजात संशय अजिबात नव्हता.

“पोरी, तू आमच्यातली दिसत नाहीस. माझ्या ओसेआला ओळखायचीस का?”

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. रोतियाने फोटोतला शर्ट पाहिला आणि म्हणाली, “मावशी, मी नवीन होते इथे. बसमध्ये माझं कार्ड चालेना. सगळे मागून ओरडत होते. त्यांनी काही न बोलता मला आत घेतलं.”

वासितीने तिचा हात घट्ट धरला. मग वळून मुलाला हाक मारली. एतुआते सिडनीला कामाला होता, बापाच्या मातीलाही आला नव्हता. धिप्पाड माणूस, दाराशी एकटाच उभा होता. रोतियाला गोष्ट पुन्हा सांगावी लागली. मग सगळ्यांसमोर उभं राहून तिसऱ्यांदा. वासिती एकेक वाक्य आपल्या भाषेत सांगत होती आणि माणसं माना डोलवत होती. दर वेळी गोष्टीत काहीतरी वाढलं. दुसऱ्यांदा पाऊस आला. तिसऱ्यांदा ओसेआने आपल्या डब्यातली अर्धा पाव तिला दिली. ते ऐकून एतुआतेने खांद्यावरचा टॉवेल तोंडावर ओढला आणि त्याचे खांदे हलायला लागले.

निघताना वासितीने पानांत बांधलेलं मांस आणि तारो तिच्या हातात दिलं.

कोपऱ्यावर वळल्यावर सेमिसी म्हणाला, “तू तर नटीच निघालीस. आता दर शनिवारी कोणीतरी मरायला पाहिजे.” एल्मा हसली, मग रोतियाचं तोंड पाहून थांबली. रोतियाने पुडकं तिच्या हातात कोंबलं. रात्री त्या दोघांनी ते खाल्लं, तिने नाही.

त्यानंतर आठवडाभर ती कॉलेजला चालत गेली. बसमध्ये चढताना ड्रायव्हरने पाहिलं तर आपल्याला वर बघवणार नाही, असं तिला वाटे. दुसऱ्या शनिवारी सेमिसीने हाक मारली तेव्हा पोट बिघडलंय म्हणून तिने टाळलं. आईने घरून पाठवलेली माडीच्या पाकाची बाटली घेतली, सभागृहात विचारत विचारत वासितीचं घर शोधून काढलं.

वासिती ओट्यावर कसावा सोलत होती. तिला पाहून चेहरा उजळला. “आली का माझ्या ओसेआची पोर!”

रोतिया पायरीवर बसली आणि मान वर न करता सगळं सांगून टाकलं. सुरी थांबली.

“भूक लागली होती तुम्हाला?”

“हो.”

“मग तेवढंच सांगायचं होतंस. त्या दिवशी माझ्या दारातून कोणी उपाशी गेलं असतं तर लाज मला वाटली असती.”

वासितीने पुन्हा सुरी चालवायला घेतली, पण सालं जाड निघत होती.

“बापलेक बारा वर्षं बोलत नव्हते,” ती म्हणाली. “एतुआते आला तोही शेजारी काय म्हणतील म्हणून. जाताना मला म्हणाला, आई, मला तो माणूस कळलाच नाही. परवा फोनवर आपल्या मुलांना तुझीच गोष्ट सांगत होता.”

“मी त्यांना पत्र लिहिते. खरं सांगते.”

“काही लिहायचं नाही.” आवाज चढला नव्हता. “तुझं मन हलकं व्हावं म्हणून माझ्या लेकाच्या हातातलं काढून घेऊ नकोस. ओसेआने तुला बसमध्ये घेतलं नसतं, पोरी. उतरवलं असतं. मी चाळीस वर्षं संसार केलाय त्याच्याबरोबर. त्या दिवशी तू सांगत होतीस तेव्हा मला वाटलं, बाहेर तरी तो असा होता. घरात नसला तरी.”

रोतियाने बाटली पुढे सरकवली. वासितीने ती घेतली, नाही म्हणणं वाईट दिसलं असतं म्हणून, आणि न पाहता बाजूला ठेवली. जेवून जा असं ती म्हणाली नाही.

रोतिया फाटकापर्यंत पोचली तेव्हा शेजारची एक बाई कुंपणावर कपडे वाळत घालत होती. तिने हात थांबवून निरखून पाहिलं.

“वासिती, ही तीच ना गं? ओसेआच्या बसमधली?”

ओट्यावर एक सोललेला कंद पातेल्यात पडला.

“हो,” वासिती म्हणाली. “तीच.”

बाई कौतुकाने हसली. रोतियाने मान लववली आणि मागे वळून न बघता रस्त्याला लागली.