फक्त आईचाच फोन अडतो

भारूड ऐकायचं म्हणून बिभीषणरावांनी रिमोट दाबला आणि टीव्हीतून त्यांची बायको प्रेमलाबाईच बोलायला लागली. "काय सांगू झुंबरबाई, आमचं माणूस तर पाव्हणे उठायच्या आधी पंखा बंद करतंय!" पुढे झुंबरबाईंचं हसणं. बिभीषणराव पंख्याकडे बघत राहिले, सून तृप्ती तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात पळाली आणि मुलगा रामप्रसाद पोट धरून हसला. प्रेमलाबाईही हसल्या, पण आतून त्यांना धस्स झालं.

झालं होतं असं, की रामप्रसादनं घरात एक काळा डबा आणून टीव्हीखाली ठेवला होता. वाटूर फाट्यावरच्या दुकानांना आणि कापसाच्या जिनिंगला कॅमेरे बसवायचं त्याचं काम. तो डब्याला सर्व्हर म्हणायचा. घरातल्या सगळ्यांचे फोन सारखे भरायचे, म्हणून फोनमधलं सगळं घरच्या वायफायवरून त्या डब्यात जाईल आणि टीव्हीवर कुणालाही बघता येईल, अशी त्याची योजना. योजना चांगलीच होती. फक्त प्रेमलाबाईंचा फोन प्रत्येक बोलणं आपलं आपण टिपून ठेवतो, हे त्या योजनेत कुणी धरलंच नव्हतं.

प्रेमलाबाईंना मात्र ते ठाऊक होतं, आणि आवडतही होतं. दुपारी तूर निवडायला बसल्या की त्या फोन मांडीवर घ्यायच्या आणि शालूचं बोलणं पुन्हा ऐकायच्या. शालू म्हणजे धाकटी लेक, जाफराबादला दिलेली. तिचा नवरा आठवडेच्या आठवडे तिच्याशी बोलत नाही, सासू तिला भरल्या ताटावरून उठवते, हे सगळं त्या फोनात होतं. प्रत्येक वेळी शेवटी शालू एकच म्हणायची, "दादाला सांगू नको. स्थळ त्यानं आणलं होतं. त्याच्या जिवाला लागंल." प्रेमलाबाईंनी लेकीला शब्द दिला होता. आणि आता झुंबरबाईंच्या मागून शालूचा नंबर लागणार होता, तोही भर बैठकीत.

पुसून टाकायचं त्यांना जमत होतं, पण पुसवत नव्हतं. लेकीचं रडणं असलं तरी लेकीचाच आवाज होता तो. तिकडे फोनची पाठ भाकरीसारखी फुगली होती. "बॅटरी गेली आई ह्याची," रामप्रसाद म्हणाला. "कवाबी बंद पडंल. आधी सगळं सर्व्हरवर घेतो, मंग तुला नवा आणतो." नको म्हणायचं तर का, ते सांगावं लागणार. म्हणून तो फोन सर्व्हरला लावून ओसरीवर गेला की प्रेमलाबाई टीव्हीपाशी जायच्या, डब्याच्या मागची वायर चिमटा दाबून काढायच्या, आणि ओसरीवरून "तुटलं पुन्हा!" असं ऐकू आलं की मुकाट्यानं परत लावायच्या.

आता रामप्रसादचा स्वभाव असा, की बिघाड दिसला की त्याला ताटातलं दिसत नाही. प्रेमलाबाईंना वाटलं होतं, पोरगं वैतागून नाद सोडेल. आपणच जन्माला घातलेल्या पोराचा अंदाज त्यांना इतका चुकावा, याचं नवल आहे. त्यानं आधी वायर बदलली. मग राउटर बंद करून चालू केला. मग फ्रीजमुळे होत असेल म्हणून राउटर तिथून उचलून खिडकीत ठेवला. उंदरानं काही कुरतडलंय का ते बघायला पालथा पडून टीव्हीच्या मागे शिरला, आणि टॉर्च धरून उभ्या कोण, तर प्रेमलाबाई.

"दिसतंय का बराबर?" त्यांनी वरून विचारलं.

"दिसतंय. पण काहीच न्हाई इथं." तो धूळ झटकत बाहेर आला. "कमाल हाय आई. माझं एवढं मोठं लग्नाचं शूटिंग सरसर जातंय. बाबाचं भारूड गेलं, तृप्तीचे फोटो गेले. आन तुझी बोटभर फाईल मधीच अडून राह्यली. डब्यात जागा बक्कळ हाय. वायफाय बिलकुल चांगलं हाय. मंग फक्त तुझाच फोन का?"

"मला काय कळतंय त्यातलं," प्रेमलाबाई म्हणाल्या. पण पोराचे चमकणारे डोळे बघून त्यांना अभिमान वाटला आणि लाजही वाटली, दोन्ही एकदमच. आणि खरं सांगायचं तर त्यांनाही आता त्या डब्याचं कोडं पडलं होतं. वायर आपण काढतो हे ठीक, पण एवढ्याशा वायरीतून माणसाचं बोलणं जातं तरी कसं?

त्यांनी विचारलं तसा रामप्रसाद खूश झाला. घरात आजवर हे कुणी विचारलं नव्हतं.

"सगळं एकदम न्हाई जात," तो खाली मांडी घालून सांगायला लागला. "आधी बारीक बारीक तुकडे करतंय. एक तुकडा पाठवला की तिकडून डबा म्हणतो, मिळाला. मंग फुडचा."

"आन डबा बोललाच न्हाई तर?"

"तर तोच तुकडा पुन्हा पाठवतंय. पुन्हा पाठवतंय. बघून बघून मंग सोडून देतंय."

प्रेमलाबाईंना हे फार आवडलं. फोन बिचारा हाका मारतोय आणि डबा ओ देत नाही, हे त्यांच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. ओ न द्यायला आपणच कारणीभूत आहोत, याचा त्यांना घटकाभर विसर पडला. त्या ऐसपैस बसल्या, आणि त्या भरात तोंडून निघून गेलं, "मंग मधीच तुटलं, तर तवर गेलेल्या तुकड्यांचं काय व्हतं?"

"ते ऱ्हातात की तिथंच पडून."

"डब्यात?" त्या सावरून बसल्या. "ऐकू येतात का काय?"

रामप्रसाद त्यांच्याकडे बघतच राहिला. "आई, हे माझ्या डोक्यात कसं आलं न्हाई? अर्धी फाईल वाजवून बघितली की कळंल ना, तुटती कुठं ते!" त्यानं रिमोट उचलला.

"ऱ्हाऊ दे आता. चहा टाकते मी."

"थांब ना, जल्दी बघून घेतो."

त्यानं दाबलंसुद्धा. टीव्हीत जरा खरखर झाली, आणि शालू बोलली, अगदी दबक्या आवाजात. "आई, दादा हाय का घरात? मंग जरा बाहेर जा, ओट्यावर जा. त्याच्या कानावर जायला नको. आज पुन्हा..."

आणि तिथंच तुटलं.

बिभीषणराव शेतात गेले होते, तृप्ती माहेरी. घरात दोघंच. रामप्रसादच्या हातातला रिमोट तसाच टीव्हीकडे रोखलेला होता.

"वायर मी काढत होते," त्या म्हणाल्या.

"कवापासून?"

"तू फोन लावायला लागला तवापासून."

"ते न्हाई इचारत." त्यानं रिमोट खाली ठेवला. "शालूचं कवापासून चाललंय?"

"दिवाळीच्याबी आधीपासून."

"आन मला एका शब्दानं..." त्याचा आवाज फुटला. "मागल्या महिन्यात तिच्या घरी जाऊन आल्तो मी. पाव्हण्यासंग बसून जेवलो. ती वाढत होती आई."

"तिनंच नको म्हणलं. स्थळ तू आणलं म्हणून तुझ्या जिवाला लागंल म्हणली. माझ्याकडून शब्द घेतला तिनं. मी काय करू, सांग." आणि इतके दिवस धरून ठेवलेलं रडू प्रेमलाबाईंना आवरलं नाही.

फुगलेला फोन दोघांच्या मध्ये पडला होता. रामप्रसादनं तो उचलला. शालूच्या नावाच्या फायली एकीखाली एक लागलेल्या दिसत होत्या. त्याचा अंगठा वरची फाईल दाबायला गेला. प्रेमलाबाईंनी पाहिलं, पण या वेळी त्या जागच्या उठल्या नाहीत. किती कोंडून ठेवायचं आणि कुणासाठी, असं त्यांना झालं होतं. लहानपणी हाती लागलेलं प्रत्येक घड्याळ उघडून बसणारं हे पोरगं. हे आता थांबेल असं त्यांना वाटलंच नाही.

तो थांबला. फोन त्यानं त्यांच्या ओटीत ठेवला. "ह्यातलं मी एकबी ऐकणार न्हाई. तिनं तुला सांगितलंय ते." मग खिशातून स्वतःचा फोन काढून नंबर लावला. घर इतकं शांत होतं की पलीकडची घंटा प्रेमलाबाईंना ऐकू येत होती.

"दादा?" शालूचा आवाज घाबरलेला. "आई बरी हाय ना? काय झालं?"

"आई बरी हाय. तुला लावलाय."

"मला? कशाला?"

"सहज," तो म्हणाला. "कशी हायस?"

"मजेत."

हे 'मजेत' प्रेमलाबाईंना पाठ होतं. किती तरी दुपारी त्यांनी ते मागे नेऊन पुन्हा पुन्हा ऐकलं होतं. रामप्रसादनं त्यांच्याकडे बघितलं, तशी त्यांनी मान हलवली, नाही म्हणून.

"शालू," तो म्हणाला, "स्थळ मी आणलं होतं. म्हणून मलाच सांग."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. भिंतीला टेकत रामप्रसाद हळूच खाली बसला आणि फोन कानाला तसाच धरून ठेवला.