गुंड्याचं दुधाळ रक्त

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी नळी उजेडात धरली. गुंड्या कुत्र्याच्या रक्तावर दुधासारखा पांढरा थर आला होता.

"काका, गोळ्या चालू आहेत, माशाचं तेलही देताय. मग रक्तातली चरबी उतरत का नाही?"

म्हाताऱ्या काकांनी मान खाली घातली. "आमची ही भरवते त्याला. आत्ताच दिलं हे तिला आठवतच नाही. लोणी आणणं बंद केलं, तर माझ्या ताटातलं घालते. रागावलो की लहान मुलीसारखी रडते."

"मग त्याला दुसरीकडे ठेवा. नाहीतर हातचा जाईल."

"ठेवला होता बहिणीकडे. हिने अन्नपाणी सोडलं. मला ती आता ओळखत नाही, बाई. त्याला ओळखते."

 डॉक्टरीणबाईंनी गोळीचा डोस तेवढा वाढवून दिला.

काका गुंड्याला घेऊन घरी पोचले, तेव्हा बायको दारातच उभी होती. "आलास का रे सोन्या? ह्या माणसाने उपाशी ठेवलं ना तुला?" असं म्हणत तिने वाटीतली साय पुढे केली.

काका वाटी हिसकावणार होते. पण ती इतकी खुशीत हसत होती की त्यांचा हात उचललाच गेला नाही. गुंड्याने वाटी चाटूनपुसून लख्ख केली.