बुटातला धूर

मी शेडमध्ये पाठीमागून गेले आणि बाबांच्या डोक्यावरचं वेल्डिंगचं हेल्मेट दोन्ही हातांनी खेचून काढलं. आतून भसकन धूर बाहेर आला. ओठांत अर्धी जळलेली सिगारेट!

आणि हाच माणूस घरी छाती फुगवून सांगत होता, "सोडली म्हणजे सोडली!" वेल्डरच्या कपड्यांना धुराचा वास येणारच, म्हणून आईलाही संशय नाही. काय डोकं लढवलं होतं! लोखंडाच्या धुरात सिगारेटचा धूर लपवायचा.

बाबांच्या पायाच्या रक्तवाहिन्या आतून बुजत चालल्यात. डाव्या पायाची करंगळी काळी पडली म्हणून कापावी लागली, तेव्हा डॉक्टर माझ्यासमोर म्हणाले होते, "सिगारेट सुटली तर पाय वाचेल. नाहीतर पुढच्या खेपेला गुडघ्यापासून जाईल."

मी सिगारेट ओढून काढली आणि टाचेखाली चिरडली. फाडकन गालावर बसली. डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"चार बुकं शिकलीस म्हणून बापाला शिकवतेस?"

गेल्या वर्षीची मी असते तर रडत घर गाठलं असतं. आता? हट्! मी सरळ त्यांच्या खिशातल्या सिगारेटच्या पाकिटालाच हात घातला. त्यांनी मनगट पिरगाळलं, मी त्यांच्या हाताला कडकडून चावले. तोंडात लोखंडाची चव आली, गजांची की रक्ताची, कोण जाणे. त्यांनी ढकललं तशी मी अर्धवट जोडलेल्या गेटवर आदळले. कोपर सोलवटलं.

"अरे, जीव घेशील पोरीचा!" पलीकडे गेट रंगवणारे पेंटरकाका ब्रशसकट मध्ये आले. "जिना चढताना पोटऱ्या धरतोस, आणि मारायला बरा जोर येतो!"

"तू तुझा रंग लाव!" बाबांनी हातोडा पत्र्यावर असा हाणला की अख्खी शेड किंचाळली. "दिवसभर आगीशी झुंजतो मी. तेवढंच एक सुख आहे मला. पाय माझा आहे, कळलं?"

"तुमचा आहे ना? मग सांभाळा की!" मी पायाकडे बोट केलं आणि तिथेच थबकले.

डाव्या बुटातून धूर येत होता. पाय सुजतो म्हणून ते नाडी सैलच ठेवायचे. वेल्डिंग करताना वितळलेल्या लोखंडाचा थेंब आत पडला असणार.

"बाबा, बूट..."

"बूट गेला खड्ड्यात!"

"बाबा, तुमचा पाय जळतोय!"

त्यांनी खाली पाहिलं. पेंटरकाकांनी पाण्याची बादली उपडी केली. चर्र! मी बूट उपसला. मोजा कातडीला चिकटलेला. तो सोडवला तेव्हा सालपट त्याच्याबरोबरच आलं. अंगठ्यामागे काळा खड्डा होता. जळक्या मांसाचा वास सुटला.

एरवी बोटात कुसळ गेलं तरी शेड डोक्यावर घेणारे बाबा हूं की चूं करेनात. हळूच ड्रमवर टेकले. जखमेच्या कडेला बोटाने दाबून पाहिलं. मग आणखी जोरात दाबलं.

"काहीच नाही गं," ते म्हणाले. असा आवाज त्यांचा मी कधी ऐकला नव्हता. "काहीच जाणवत नाही."

पेंटरकाका गाडी आणायला धावले. मी बाबांच्या खिशातून पाकीट काढून घेतलं. त्यांनी हात धरला नाही. जखमेकडेही पाहत नव्हते. पाय किती भाजलाय, हे ते माझ्या चेहऱ्यावरून ताडत होते. आणि मी चेहरा निर्विकार ठेवण्याची शर्थ करत होते.