सेकेसाईची कबर

सेकेसाईच्या जिभेला हाड नव्हतं, आणि ते नसावं अशीच गावाची इच्छा होती. तिचा बाप माव्हुंगा घराण्याचा साह्विरा, म्हणजे पिढीजात मित्र. अशा मित्राने त्या घरातलं कुणी गेलं की कबर खणायची, मेलेल्याची नक्कल करून रडणाऱ्यांना हसवायचं, आणि एरवी जे बोलायला कुणाची छाती होत नाही ते तोंडावर बोलायचं. त्याचा राग धरायचा नाही. बापामागे हे काम सेकेसाईकडे आलं. गावप्रमुख माव्हुंगाचा म्हातारा वारला, तेव्हा तिने त्याचीच टोपी घातली, त्याचीच काठी घेतली आणि "बिअर पातळ झालीय, सुनांनो!" म्हणून अशी डाफरली, की रडता रडता बायकांचे पदर तोंडात गेले.

माव्हुंगाचं देवक म्होफू, म्हणजे रानातलं ते मोठं हरीण. त्यावरून सगळे गावप्रमुखाला आदराने म्होफू म्हणत. सेकेसाईही म्होफूच म्हणे, फक्त तिच्या तोंडून ते बैलाला हाक मारल्यासारखं वाटे.

तिचं घर आणि वाफे धरणाच्या खालच्या अंगाला. धरण कसलं, दोन टेकड्यांच्या मधली मातीची पाळ! पण त्या पाळीवर गाव जगत होतं. गुरांचं पाणी तिथलं, विटांचं पाणी तिथलं, ताटातला मासा तिथला. सेकेसाईच्या कांद्यावर आणि टोमॅटोवर लेक रुरामाई शिकली आणि सासरी गेली. ती पोटात असताना, दुष्काळात, सेकेसाईने या पाळीसाठी डोक्यावरून माती वाहिली होती. कधी कधी वाफ्यात वाकलेली असताना ती मान वर करून पाळीकडे बघायची आणि म्हणायची, "बाई गं, तू आहेस म्हणून आम्ही आहोत." माणसांना ती इतकं गोड कधी बोलली नाही.

आता रुरामाई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. घरात ओली बाळंतीण आणि तान्ही पोर निजलेली होती.

मागच्या ऑक्टोबरात, पावसाच्या तोंडावर, धरणाचा तळ दिसला होता. कांदा करपला, मासे चिखलात तडफडले. तेव्हा म्होफू म्हणाला, "दरवर्षी सांडव्यातून इतकं पाणी फुकट जातं. का जाऊ द्यायचं?" सांडवा म्हणजे पाळीच्या टोकाशी टेकडीत कोरलेली रुंद चर. धरण भरलं की वरचं पाणी तिथून निघून जायचं. धरण बांधणाऱ्याने जाताना बजावलं होतं, "सांडव्याला हात लावू नका." पण तहानलेल्याला कोण काय सांगणार? सगळ्या गावाने मिळून दगड रचले, मातीच्या गोण्या टाकल्या आणि सांडवा पाळीइतका उंच बुजवला. सेकेसाईनेही टोपल्या वाहिल्या, आणि म्होफूच्या डोक्यात बटाटे नाहीत असं कौतुकही केलं.

फेब्रुवारीत, आमच्या भर पावसाळ्यात, पाऊस असा लागला की थांबायचं नाव नाही. एका शुक्रवारी सकाळी ऊन पडलं, म्हणून सेकेसाई वाफे बघायला निघाली आणि सहज पाळीवर चढली. पाणी पाळीच्या काठापासून हातभरही खाली उरलं नव्हतं. गुरं पाळीवरून ये-जा करत, तिथे माती खचून खोलगट झालं होतं. तिथे तर पाणी गवताच्या मुळांना चाटत होतं. वरून ओढा अजून गढूळ होऊन येतच होता. मातीची पाळ एकदा वरून वाहायला लागली की भिजल्या भाकरीसारखी तुटते, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

ती घरी धावली. "रुरामाई, ऊठ! पोरीला घे आणि शाळेच्या टेकडीवर जा. शेजारच्यांनाही हाका मारत जा. काही विचारू नकोस!"

"आई, पण कपडे तरी..."

"कपडे मी धुऊन देते, जा!"

लेक टेकडी चढताना दिसली, तेव्हा सेकेसाई म्होफूच्या अंगणात शिरली. तो चार पुरुषांबरोबर भाजलेली कणसं खात बसला होता.

"म्होफू, धरण वरून वाहायला आलंय. सांडवा मोकळा करायला हवा, आत्ताच्या आत्ता."

म्होफूच्या हातातलं कणीस तसंच राहिलं. त्याने कुदळीकडे पाहिलं आणि लगेच नजर फिरवली. "आज शुक्रवार," तो म्हणाला.

बस, इतकंच म्हणाला. शुक्रवार म्हणजे चिसीचा दिवस. त्या दिवशी पूर्वजांच्या जमिनीला लोखंड लावायचं नाही. लावलं तर पाऊस रुसतो. गेल्या वर्षी म्होफूच्याच भाच्याने शुक्रवारी निंदणी केली, तर म्होफूने त्याच्याकडून बकरा वसूल केला होता.

"मग हातांनी दगड उपसू," एक जण म्हणाला.

"गोण्यांतली माती बसून दगड झालीय," सेकेसाई म्हणाली. "हातांनी उपसेपर्यंत आपण समुद्रात असू."

"मी काय करू? तू सांग!" म्होफू कळवळला. "मी स्वतःच चिसी मोडली तर उद्या कोण पाळेल? आणि पाऊस गेला तर? दुष्काळात आपण काय खाल्लं, विसरलीस?"

ती विसरली नव्हती. कडू मुळं उकडून खाल्ली होती. चिसीची भीती तिलाही होतीच, आणि म्हणूनच तिला म्होफूची चीड येण्याऐवजी कीव आली. दोन्हीकडून पाण्याचीच भीती, बिचाऱ्याने करावं तरी काय?

आणि मग तिला सुचलं.

"म्होफू, शुक्रवारी कुणी मेलं तर?"

"तर काय? कबर खणायची. मढं काही शनिवारची वाट बघत नाही."

"लोखंडाने?"

"मग काय चमच्याने?"

"बरं. माझी कबर कोण खणणार?"

"आमचंच घराणं. तुम्ही आमची खणता, आम्ही तुमची. हे काय विचारणं झालं?"

"मग कुदळ घे आणि चल. मी मेले!"

तिने अंगणातली चटई उचलली आणि थेट सांडव्याकडे निघाली. बुजवलेल्या मातीवर चटई टाकली, लांब पसरली, हात छातीवर घेतले आणि डोळे मिटले. मागून धावत आलेल्या बायकांनी तोंडावर हात ठेवले. "अगं, जिवंत माणसाने असं निजू नये! अपशकुन आहे!"

"मेलेल्या बाईशी भांडू नका," डोळे न उघडता सेकेसाई म्हणाली. "माझी शेवटची इच्छा ऐका. मला इथेच पुरा. दुसरीकडे पुरलं तर भूत होऊन प्रत्येकाच्या चुलीपाशी बसेन आणि बोलत राहीन."

कुणीतरी फिसकन हसलं. पण तिला मात्र हसू येत नव्हतं. पाठीखालच्या मातीतून पाण्याचा घुमारा तिला ऐकू येत होता. स्वतःची कबर स्वतःच मागणाऱ्या बाईला पूर्वज काय म्हणतील, तिला ठाऊक नव्हतं. घ्या मला हवं तर, ती मनात म्हणाली, पण पाळ राहू द्या.

म्होफू तिच्या पायांशी कुदळ घेऊन उभा होता. मग त्याने टोपी काढली आणि मयताला बोलतात तशा भरल्या आवाजात म्हणाला, "लोकहो, आमची साह्विरा गेली. फार बडबडी होती. गावात आता शांतता नांदेल." आणि त्याने पहिला घाव घातला.

मग काय विचारता! कुदळी, फावडी, पहारी, सगळं आलं. मयताची गाणी सुरू झाली. सेकेसाई बाजूला सरकली, पण चटई सोडली नाही. "अरे, खालच्या अंगाने खणत या, वरून नको! पाण्याबरोबर जाल!"

"मढ्याने बोलायचं नसतं!" म्होफू ओरडला.

"मढं शहाणं असेल तर बोलतं!"

अखेर एक गोणी हलली, मागची दुसरी निसटली, आणि पाणी आलं. माणसं बाजूला पळाली. तपकिरी पाणी चरीतून, गवताळ उतारावरून, आपल्या जुन्या वाटेने ओढ्याकडे निघालं. सगळे पाळीकडे बघत राहिले. बऱ्याच वेळाने खोलगट जागेतलं गवत पाण्याबाहेर आलं. मग त्याखालची ओली माती दिसली. पाळ जागच्या जागी उभी होती. टेकडीवरून तान्ह्या पोरीचं रडणं ऐकू आलं, चांगलं खणखणीत, भुकेचं.

"आता एक अडचण आहे," म्होफू घाम पुसत म्हणाला. "खणलेली कबर रिकामी ठेवत नाहीत. काहीतरी पुरायला हवं."

"सांडवा बुजवायची आपली अक्कल पूर तिथे," सेकेसाई म्हणाली.

लोक पोट धरून हसले. म्होफू हसला नाही. तो तिच्यासमोर आला आणि ओल्या गवतात उकिडवा बसला. आमच्याकडे उपकार मानताना टाळी वाजवतात, पण धाकट्याने थोरापुढे. गावप्रमुखाने कुणापुढे टाळी वाजवल्याचं कुणी पाहिलेलं नव्हतं. त्याने तळव्यावर तळवा ठेवला आणि सावकाश टाळी वाजवली.

"सेकेसाई," तो म्हणाला, "तू खरंच गेलीस की मी हे बोलणार होतो, पण तेव्हा तुला ऐकू आलं नसतं. म्हणून आज बोलतो. तू आमची पाळ राखलीस, आणि माझा मानही राखलास. आम्ही तुझे ऋणी आहोत."

मागे सगळे पुरुष बसले आणि टाळी वाजवू लागले. बायकांनी ओंजळी करून त्यात आपली घुमती टाळी मिसळली. सेकेसाईने तोंड उघडलं. एरवी तिच्याकडे प्रत्येकाला देण्याजोगं काहीतरी असायचं. आज मात्र चटईचं टोक डोळ्यांना लावून ती हमसून हमसून रडली.

आता पावसाआधी सगळं गाव धरणावर जमतं. शुक्रवार सोडून. पाळीवर उगवलेली झुडपं उपटतात, गुरांची वाट काट्यांनी अडवतात, खोलगट जागेत माती भरून चोपतात, आणि सांडवा साफ करतात. त्याला सांडवा मात्र कुणी म्हणत नाही. "सेकेसाईची कबर झाली का साफ?" असंच विचारतात. म्होफूकडून नाचणीच्या बिअरचं मडकं येतं, कारण कबर खणणाऱ्यांना पाजायची रीत आहे. आणि सेकेसाई काठावर नातीला मांडीवर घेऊन बसते, घुटके घेते आणि ओरडते, "अरे, नीट रुंद करा! माझे पाय मावत नाहीत त्यात!"